बॅचचा ग्रुप आहे, पण विद्यापीठाशी नातं उरलंय का?

पहाटवारा

विद्यापीठाशी अजून संबंध आहे का, असं कुणालाही विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, आमचा बॅचचा ग्रुप आहे ना!" त्या ग्रुपवर वाढदिवस असतात, बढत्या असतात, जुने फोटो असतात, कुणी आजारी पडलं तर सगळे धावूनही जातात. त्याचं मोल मला पुरतं ठाऊक आहे. पण तो मित्रांशी संबंध झाला. आपल्या विभागात आज कोण शिकवतंय, अभ्यासक्रमातून काय गेलं आणि काय आलं, शेवटच्या वर्षाची मुलं कशाने हैराण आहेत, यातलं अवाक्षरही तिथे नसतं.

माझं म्हणणं असं की विद्यापीठाशी नातं राखायचं असेल, तर आपल्या मागून आलेल्यांशी ओळख ठेवायला हवी. दहा-पंधरा वर्षांत प्राध्यापक निवृत्त होतात, इमारती बदलतात. त्या जागी सतत कुणी असतं ते म्हणजे विद्यार्थी.

यात भावनेचा भाग आहेच, पण रोकडा उपयोगही आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले शंभरात जेमतेम १७. सुमारे ५६ जण कधीमधी भेटणारे, आणि २८ जण वर्षातून एकदा किंवा तेही नाही. या क्वचित भेटणाऱ्यांत कॉलेजच्या काळातले जुने मित्र बरेच होते, असं त्यांनी १९७३ च्या निबंधात नोंदवलंय. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटी सदस्यांवरचा प्रयोग छापून आला. फार जवळचेही नाहीत आणि अगदी लांबचेही नाहीत, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलताना सर्वांत कामी येतात, असं त्यातून दिसलं. कारण साधं आहे. जिवलग मित्राला बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. पाच वर्षं पुढे असलेली, त्याच विभागातली सीनियर वेगळ्या वर्तुळात वावरते, तरी आपलं शिक्षण काय प्रतीचं आहे हे तिला सांगावं लागत नाही.

तुमचं नातं कशाने टिकलं? तुटलं असेल तर कशाने? मोकळेपणाने लिहा.

स्वच्छंदी

+१. वाचतेय.

मुक्तछंद

माझं तुटलं, आणि त्यात माझा दोष आहे असं मला वाटत नाही. पदवीनंतर कित्येक वर्षं विद्यापीठाकडून एक ओळ आली नाही. मग एक दिवस मेल आली. "प्रिय माजी विद्यार्थी" एवढाच मायना, खाली नव्या सभागृहाचं चित्र आणि देणगीची लिंक. त्याच सुमारास मला परदेशातल्या अर्जासाठी गुणपत्रकांचं ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. अर्ज केला, शुल्क भरलं, आणि त्यानंतर फोनवर मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवलं गेलं. अर्जाची मुदत टळली.

देणगी मागताना मी त्यांच्या "परिवारातला" होतो आणि कागद मागताना कुणीच नव्हतो. विद्यार्थ्यांशी जोडून घ्या हे पहाटवारा यांचं म्हणणं पटतं, पण मधे विद्यापीठ नावाची भिंत उभी असते तिचं काय?

निळाशार

मी एका माजी विद्यार्थी संघटनेचं सचिवपद सांभाळते, तेही बिनपगारी, नोकरी सांभाळून. मुक्तछंद, तुमचा राग रास्त आहे. पण भिंतीच्या अलीकडे काय चालतं ते सांगते.

आमच्याकडे सर्वांत मोठी अडचण पैशांची नाही, यादीची आहे. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याचा पत्ता म्हणजे प्रवेशअर्जावरचा आईवडिलांचा पत्ता. फोन नंबर पहिल्या नोकरीत बदलतो. मेल असते विद्यापीठाने दिलेली, आणि ती बंद पडते. "ही मेल आयुष्यभर तुमचीच" असं सांगून विद्यापीठांनी पत्ते वाटले होते, कारण गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा फुकट देत होतं. २०२१ मध्ये गूगलने ती सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट अशी मर्यादा आली. मग कात्री लावायची वेळ आली तेव्हा अनेक संस्थांनी ती आधी माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांना लावली. त्या खात्यात ज्यांचे प्रबंध, फोटो, जुना पत्रव्यवहार होता त्यांची धावपळ झाली. आणि आमच्या हातातून त्यांचा एकुलता एक पत्ता गेला.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली यादीतून गायब होतात. पदवी एका नावाने, लिंक्डइनवर दुसरं नाव, फेसबुकवर तिसरंच. एका बॅचचा संपर्क लावताना मी वर्गाचा जुना फोटो समोर ठेवून एकेका मुलीबद्दल तिच्या मैत्रिणींना विचारत बसले होते. मुलगे चटकन सापडले, मुली सापडेचनात. नंतर मेळाव्यात कुणीतरी म्हणालं, "बायका येतच नाहीत हो अशा कार्यक्रमांना." त्यांच्यापर्यंत निमंत्रणच गेलं नव्हतं!

बाकी संघटनेची मूळ कल्पना देणगीच्या मेलपेक्षा फार मोठी आहे. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना १८२१ ची, त्या देशातली आज हयात असलेली सर्वांत जुनी. ती निघाली कशी? कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थी घेऊन अ‍ॅमहर्स्टला नवी संस्था काढायला निघून गेले होते. मागे राहिलेलं कॉलेज तग धरेल की नाही अशी परिस्थिती होती. तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले आणि म्हणाले, हे बंद पडू द्यायचं नाही. दोन्ही कॉलेजं आजही चालू आहेत.

मुक्तछंद

विल्यम्सची गोष्ट माहीत नव्हती. आणि आडनावाचा मुद्दा तर कधी डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद, ताई. ट्रान्सक्रिप्टचा राग मात्र तसाच आहे :)

शेवटचं_बाक

मी अजून शिकतोय, शेवटच्या वर्षाला आहे. इथे बहुतेक सगळे बाहेर पडलेले दिसतात, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

आमच्याकडे माजी विद्यार्थी येतात ते मुख्यतः भाषण द्यायला. मोठ्या हुद्द्यावर पोचलेले पाहुणे, "स्वप्नं मोठी बघा, अपयशाला घाबरू नका," टाळ्या, फोटो. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सभागृहातून बाहेर पडताना हातात काही नसतं. तीस वर्षांपूर्वी त्यांनी जो रस्ता धरला तो आता त्या जागी नाही.

सर्वांत उपयोगी पडला तो दोनच वर्षं पुढे असलेला एक सीनियर. त्याने ऑनलाइन तासभर वेळ दिला, स्क्रीन उघडली आणि म्हणाला, "मी सकाळी कामावर आल्यावर काय करतो ते दाखवतो." कामाची यादी कशी येते, कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचा कोड वाचण्यात किती वेळ जातो, मीटिंगमध्ये नवख्याने कधी बोलायचं, चूक झाली तर कुणाला आधी सांगायचं. शेवटी आम्हा तिघांची खोटी मुलाखत घेतली. मला म्हणाला, "प्रकल्पाबद्दल बोलताना तू सारखं 'आम्ही केलं' म्हणतोस. तू स्वतः काय केलंस ते मला अजून कळलं नाही." ते वाक्य मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून विनंती, मोठे झाल्यावर येऊ असं म्हणून थांबू नका. नुकते बाहेर पडलेले आम्हाला जास्त हवे आहेत.

पहाटवारा

@शेवटचं_बाक, अगदी मनातलं लिहिलंस. "मी अजून कुठे पोचलोय, मी काय सांगणार?" या संकोचापायी पहिल्या चार-पाच वर्षांतले लोक गप्प बसतात, आणि नेमकी त्यांचीच माहिती ताजी असते. नोकरीचा अर्ज आता कसा चाळला जातो, पहिल्या पगाराची बोलणी कशी होतात, पदव्युत्तर प्रवेशाला शिफारसपत्र कुणाचं चालतं, हे तीस वर्षं नोकरी झालेल्याला विचारून उपयोग नाही. तो आता मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. त्याचा उपयोग वेगळा, तो पुढच्या टप्प्यावर.

अनवट

माझ्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मीच पहिली. काका, मामा, वडिलांचे मित्र, कुणीच त्या जगातलं नव्हतं. ज्यांच्या घरी जेवताना नोकरी-मुलाखतींच्या गप्पा होतात त्यांना माजी विद्यार्थ्यांचं जाळं म्हणजे जोडधंदा वाटत असेल. आमच्यासारख्यांना ते एकच दार असतं, आणि ते कसं वाजवायचं हेही ठाऊक नसतं.

विभागाच्या फलकावर जुन्या विद्यार्थ्यांची नावं आणि सध्याचं काम अशी यादी होती. तिथून एक नाव घेऊन मी लिंक्डइनवर शोधलं आणि हे लिहिलं. अजून जपून ठेवलंय, कुणाला उपयोग होईल म्हणून देते:

"नमस्कार ताई, मी आपल्याच संख्याशास्त्र विभागात शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करता असं विभागाच्या यादीत वाचलं. मलाही त्याच क्षेत्रात यायचंय. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिल्या नोकरीआधी कोणतं सॉफ्टवेअर शिकून घ्यावं? आणि पदव्युत्तर शिक्षण लगेच करावं की आधी थोडं काम करावं? सवडीने दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे."

चार दिवसांनी उत्तर आलं. "आर (R) नीट शीक, बाकीचं कंपनीत शिकवतात. आधी काम कर, म्हणजे पुढे कशात शिकायचं ते कळेल. बायोडाटा पाठव." पाठवला. तो परत आला तेव्हा कडेला तिचे शेरे होते. "मेहनती आणि प्रामाणिक" या ओळीवर काट. "प्रकल्पात माहिती किती जणांची होती? कोणती चाचणी लावलीस? ती का लावलीस? ते लिही." छंदांचा अख्खा परिच्छेद काढायला सांगितला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की बायोडाटा हा स्वभावाचा दाखला नसतो, केलेल्या कामाचा पुरावा असतो.

तिच्या कंपनीत जागा नव्हती. पण दुसरीकडे जागा निघतेय हे तिनेच कळवलं आणि अर्ज मी माझा केला. नोकरी लागल्यावर तिला सांगितलं, आणि पुढेही वर्षातून एकदा काय चाललंय ते कळवत राहिले. हे मुद्दाम लिहितेय, कारण आता मला असे मेसेज येतात. मी उत्तर देते, मग पुढे काय झालं ते निम्म्याहून जास्त मुलं कळवतच नाहीत. नोकरी लागली असेल तर सांगा, नसेल लागली तरी सांगा. मदत करणाऱ्याला त्याची ओढ असते.

स्वच्छंदी

अनवट, तुमचा मेसेज कॉपी करून भाचीला पाठवला. तिचा मेसेज "हाय मॅम, प्लीज गाइड मी" असा होता आणि कुणी उत्तर देत नाही म्हणून ती खट्टू झाली होती.

अनवट

@स्वच्छंदी, "गाइड मी"ला काय उत्तर द्यायचं हे समोरच्याला सुचतच नाही हो. नेमका प्रश्न असला की दोन मिनिटांत उत्तर लिहिता येतं. आणि पहिल्याच मेसेजात नोकरी मागू नये, माहिती मागावी. नोकरी देणं बहुतेकांच्या हातात नसतं, त्यामुळे ते अवघडतात आणि गप्प बसतात.

संदर्भसूची

संशोधनातल्या लोकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी.

शोधनिबंधावर संपर्कासाठी विद्यापीठाची मेल दिलेली असते. विद्यापीठ सुटलं, मेल बंद पडली, की त्या निबंधाबद्दल विचारणारा माणूस तुमच्यापर्यंत पोचत नाही. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, काढून ठेवा. २०१२ पासून ही सोय आहे, १६ अंकी क्रमांक असतो, मोफत मिळतो, आणि संस्था बदलली, नाव बदललं तरी तोच राहतो. निळाशार यांनी आडनावाचं जे सांगितलं त्यावरही संशोधकांपुरता हा तोडगा आहे, नावाची सगळी रूपं एका क्रमांकाखाली नोंदवता येतात. त्यात वैयक्तिक मेल घालायला विसरू नका.

दुसरं, ग्रंथालय. पदवी झाली की नियतकालिकं वाचता येत नाहीत हा सगळ्यांचा समज. पण जेस्टोरसारख्या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहांची माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय असते, विद्यापीठाने ती घेतलेली असावी लागते. तुमच्या ग्रंथपालांना विचारा. घेतली नसेल तर माजी विद्यार्थ्यांची मागणी आहे हे तरी त्यांना कळेल. प्रत्यक्ष ग्रंथालयात बसून वाचायची परवानगीही पुष्कळ ठिकाणी अर्ज केल्यावर मिळते.

आणि मार्गदर्शक. प्रबंध संपल्यावर बरेच जण संकोचाने गुरूंना लिहीतच नाहीत, "सर कामात असतील" म्हणून. निबंध छापून आला, विषय बदलला, संशोधन सोडून दुसरीकडे गेलात, तरी लिहा. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ आलीच तर सात वर्षांच्या शांततेनंतरची पहिली मेल त्यासाठी नसावी. सरांनाही मग तुमच्याबद्दल जुन्या आठवणींवरच लिहावं लागतं.

मुक्तछंद

परत येतो मूळ दुखण्याकडे. पैसे. देणगी दिली तर ती जाते कुठे? आणि आमच्यासारख्यांच्या छोट्या रकमेने असं काय होणार आहे?

निळाशार

दोन प्रकार असतात. एक, त्या वर्षी खर्च करायचा पैसा. दुसरा, कायमनिधी, म्हणजे मुद्दल गुंतवून ठेवायचं आणि दर वर्षी त्यातला थोडाच भाग खर्च करायचा. मोठी विद्यापीठं साधारण ४ ते ५ टक्के खर्च करतात. म्हणजे एका विद्यार्थ्याचं वर्षाचं शुल्क कायमचं उचलायचं तर त्याच्या वीस-पंचवीस पट मुद्दल लागतं. म्हणूनच छोट्या गटाने एकदम कायमनिधीच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. चालू वर्षातल्या एखाद्या गरजेला नाव देऊन पैसे द्या. परीक्षा शुल्क अडलेले विद्यार्थी, परिषदेला जाण्याचा प्रवासखर्च, प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण. पावती घ्या, हेतू लेखी लिहून द्या आणि वर्षाअखेर विचारा की झालं का. विचारण्यात काही वावगं नाही. उलट विचारणारे असले की हिशेब नीट राहतो.

छोट्या रकमेबद्दल. अमेरिकी उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये आपल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी १.८ अब्ज डॉलर दिले. त्याच संस्थेला त्यांची पहिली देणगी होती ५ डॉलर. प्रत्येक जण ब्लूमबर्ग होणार नाही हे उघड आहे. पण देणगी देण्याची सवय टिकते ती अशा लवकरच्या, लहान रकमेमुळे, हे मी आमच्या वह्यांत बघते.

एक धोक्याची गोष्टही सांगते. अमेरिकेत 'यूएस न्यूज' या प्रकाशनाच्या विद्यापीठांच्या क्रमवारीत किती टक्के माजी विद्यार्थी देणगी देतात हा निकष कित्येक वर्षं होता. २०२३ मध्ये तो काढून टाकला. जोवर तो होता तोवर "कितीही कमी द्या, पण द्या" असा धोशा लावण्यात संस्थांचा फायदा होता. त्यामुळे मेलमध्ये तुमच्या सहभागाचं फार कौतुक असेल, तर तो आकडा कुठे दाखवला जाणार आहे हेही विचारावं.

मुक्तछंद

परीक्षा शुल्काची कल्पना आवडली. सभागृहाला एक पैसा देणार नाही, याला देईन.

दूरचा_प्रवासी

एक विचारू का? मी पत्रद्वारा शिकलो. विद्यापीठाच्या आवारात परीक्षेपुरता गेलो. माझा एक भाऊ दुसऱ्या वर्षाला घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडून गेला. आम्ही या "माजी विद्यार्थ्यां"त मोडतो का? मेळाव्याला जावंसं वाटतं, पण कुणी विचारलं "तू कुठल्या वसतिगृहात होतास?" तर काय सांगू?

निळाशार

दादा, नक्की मोडता. तुमची पदवी त्याच विद्यापीठाची आहे, त्यात प्रश्नच नाही. भावाबद्दल म्हणाल तर संघटनेची घटना बघावी लागेल. काही ठिकाणी पदवीची अट असते, पण ठरावीक काळ शिकलेल्या कुणालाही सदस्य करून घेणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत. आमच्याकडे आधी पदवीची अट होती, आम्ही ती सर्वसाधारण सभेत बदलून घेतली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाचे त्या वास्तूशी जास्तच धागे गुंतलेले असतात, असा माझा अनुभव आहे.

आणि पत्रद्वारा शिकणाऱ्यांना तर या जाळ्याची गरज सर्वांत जास्त. त्यांना वर्गमित्रच मिळालेले नसतात. तुमच्या अभ्यासक्रमाच्या माजी विद्यार्थ्यांची वेगळी ऑनलाइन बैठक भरवायला संघटनेला सांगा. तुम्ही पुढाकार घेतलात तर फार बरं.

पायवाट

इतका वेळ वाचत होतो. एक बाजू राहिलीय, ती म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा अधिकार. आपण देणं आणि घेणं यावरच बोलतोय, पण बऱ्याच ठिकाणी पदवीधरांना विद्यापीठाच्या कारभारात मत असतं आणि ते वापरलंच जात नाही.

ऑक्सफर्डचे कुलपती तिथले पदवीधर निवडतात. २०२४ मध्ये ते मतदान पहिल्यांदा ऑनलाइन झालं, तोवर पदवीधराचा गाऊन घालून प्रत्यक्ष जावं लागायचं. ब्रिटिश राजकारणी विल्यम हेग निवडून आले. स्कॉटलंडच्या चार जुन्या विद्यापीठांत १८५८ च्या कायद्याने सर्व पदवीधरांची परिषद स्थापन झाली, ती आजही आहे. इतर देशांतही नोंदणीकृत पदवीधरांनी अधिसभेवर प्रतिनिधी पाठवायची पद्धत अनेक विद्यापीठांत आहे. नोंदणी आपणहून करावी लागते, आणि म्हणून मोजकेच लोक करतात. मग मोजकेच लोक निवडून येतात.

मुक्तछंद, ट्रान्सक्रिप्टला महिने लागतात हा प्रश्न मांडायची खरी जागा ती आहे. तक्रारीची मेल एका टेबलावर पडून राहते, सभेतल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात येतं.

मुक्तछंद

हे कुणी सांगितलंच नव्हतं. नोंदणीचा अर्ज बघतो. गंभीरपणे.

रानपाखरू

माझं थोडं वेगळं आहे. मी मेळाव्यांना जात नाही. कुणाची गाडी, कुणाचं घर, कुणाचं लग्न मोडलं, या गप्पांत मला गुदमरायला होतं. बॅचचा ग्रुपही सोडला. पण दर वर्षी माझ्या विभागातल्या प्रबंधांचं सादरीकरण ऑनलाइन ऐकते आणि एखाद्या विद्यार्थिनीला दोन ओळी लिहून पाठवते. एवढंच. मेळावा नको असलेल्यांनी विद्यापीठच सोडून द्यायची गरज नाही, हे सांगावंसं वाटलं.

शेवटचं_बाक

एक नाजूक मुद्दा आहे. माझ्या वर्गातल्या मुलींनी लिहायला सांगितलाय.

विभागाने माजी विद्यार्थी आणि आम्ही असा एकत्र ग्रुप केला होता. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसत होते. काही दिवसांत दोघी-तिघींना खासगी मेसेज सुरू झाले. आधी अभ्यासाचे, मग रात्री उशिरा, मग फोटो छान आहे वगैरे. नोकरीची ओळख हातची जाईल म्हणून त्यांना तोडून बोलताही येईना. शेवटी त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि चांगल्या सीनियर्सनाही मुकल्या.

निळाशार

तुझ्या मैत्रिणींना सांग, लिहायला सांगितलंत हे फार बरं केलंत. हा किरकोळ मुद्दा नाही. सीनियरच्या हातात ओळख असते, संधी असते, आणि समोरची मुलगी नाही म्हणायला कचरते. म्हणून जबाबदारी पूर्णपणे आमची, संघटनेची आणि विभागाची.

आम्ही काय करतो ते लिहिते. नंबर कुणालाच दिसत नाहीत, पहिली ओळख मेलवरून होते आणि त्या मेलमध्ये विभागाचा समन्वयक असतो. बोलणं ठरलेल्या वेळी, ऑनलाइन, शक्यतो दोन-तीन विद्यार्थ्यांशी एकत्र. मार्गदर्शन करणाऱ्याकडून आचारसंहितेवर सही घेतो. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी देतो, आणि ती व्यक्ती संघटनेची पदाधिकारी नसते. तक्रार खरी निघाली तर सदस्यत्व जातं, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

माहितीच्या बाबतीतही तेच. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर तिथल्या विद्यापीठांना जुन्या याद्यांकडे नव्याने बघावं लागलं. कायद्याची वाट न बघता हे करायला हवं. सगळ्यांचे पत्ते-फोन असलेली एक्सेल फाइल ग्रुपवर फिरवणं बंद करा, कळकळीची विनंती.

अनवट

निळाशारताई, हे नियम आमच्या विभागाला पाठवू का? आमच्याकडे असं काहीच लेखी नाही.

निळाशार

अवश्य. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तुमच्या गरजेप्रमाणे बदला.

पहाटवारा

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल विभागप्रमुखांना मेल लिहिली. भाषण देणार नाही, पण शेवटच्या वर्षाच्या मुलांचे बायोडाटा वाचून शेरे देईन आणि खोट्या मुलाखती घेईन, असं कळवलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. "असं कुणी विचारतच नाही," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात चार विद्यार्थ्यांपासून सुरुवात करतोय. समन्वयक मेलमध्ये असावा ही अट मीच घातली.

शेवटचं_बाक

शेवटचा प्रश्न. आमची परीक्षा जवळ आलीय. विद्यापीठ सोडायच्या आधी आम्ही काय करून ठेवावं, म्हणजे नंतर निळाशारताईंना आमचे जुने फोटो समोर ठेवून शोधत बसावं लागणार नाही?

निळाशार

पहिलं काम म्हणजे विद्यापीठाच्या मेलमधलं सगळं उतरवून घ्या. गूगलची असेल तर त्यांच्या 'टेकआउट' या सोयीतून होतं, पण खातं चालू आहे तोवरच. त्या मेलवर कुठली खाती उघडली असतील, तर तिथे वैयक्तिक मेल टाका. ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती आत्ताच काढून ठेवा, आवारात असताना हे काम एका फेरीत होतं. मुक्तछंद यांना विचार!

संघटनेचा फॉर्म भरताना वैयक्तिक मेल द्या आणि घरच्या कुणाचा तरी एक पर्यायी नंबर द्या. आमच्या फॉर्मवर आता "पदवीवरचं नाव" आणि "सध्याचं नाव" असे दोन रकाने आहेत. तुमच्याकडे नसतील तर शेऱ्याच्या जागी लिहा. ज्या दोन-तीन शिक्षकांकडे खरोखर शिकलात त्यांना जाऊन भेटा आणि पुढे कळवत राहू का असं विचारा. आणि वर्गातून एक जण संपर्कासाठी नेमा. येल विद्यापीठात १७९२ पासून प्रत्येक वर्गाचा सचिव नेमायची पद्धत सुरू झाली, कारण शंभर जणांची यादी कुठल्याही कार्यालयापेक्षा वर्गातल्याच एकाला नीट सांभाळता येते. दोघं नेमलीत तर उत्तम, त्यातली एक मुलगी असू दे.

शेवटचं_बाक

नेमणूक झाली. मी आणि माझी प्रयोगशाळेतली जोडीदार. फॉर्म उद्या वर्गात वाटतोय.